वज्रेश्वरीच्या पाण्याची बाटली

परवा रविवारी वज्रेश्वरीला जाऊन आलो. दर्शन घेतलं, पण खरं काम वेगळं होतं... कुंडाचं गरम पाणी बाटलीत भरून आणायचं होतं. हे काम मी दोन वर्षं उशिरा केलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एस.वाय.ला कॉलेज सोडून मी मागांची दुरुस्ती करणारा लूम फिटर झालो आणि तीन महिन्यांसाठी मॉरिशसच्या एका कपडा मिलमध्ये गेलो. तिथला सुपरवायझर देवादादा मराठीच, पण चार पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेल्या घरातला. निघण्याआधी त्याचा फोन आला, "भाई, एक ही काम है. माँ को वज्रेश्वरी के कुंड का पानी चाहिए. उसके परदादा वहीं के थे."

मी हो म्हणालो. आणि निघायच्या आदल्या दिवशी वज्रेश्वरीची बस सोडून पडघ्याला गेलो... तिथे 'ती' राहायची. तिचं लग्न ठरलंय हे कळल्यापासून डोकं नुसतं तापलेलं. तिच्या दारासमोर उभा राहून काहीबाही ओरडलो.

ती बाहेर आलीच नाही. भाऊ आला. "तमाशा नको. तिनंच सांगितलंय, तू परत हितं दिसायला न्हाय पायजेस."

परतताना बाटली आठवली. पडघ्याच्या स्टँडवरच्या नळाला भरली. म्हटलं पाणी ते पाणी, कुणाला काय कळतंय!

मॉरिशसमध्ये जिकडेतिकडे ऊस आणि शेतांच्या कडेने काळ्या दगडांचे ढीग... सगळं ज्वालामुखीतून आलेलं. देवादादाच्या घरी क्रिओल, म्हणजे तिथली फ्रेंच वळणाची बोली बोलतात, पण गणपती बसतो, ढोलकीवर गाणी होतात. मी मनात हसायचो, हे कसले मराठी!

गणपतीच्या आधीच्या रविवारी आजी, म्हणजे देवादादाची आई, मला गंगा तलावावर घेऊन गेल्या. ज्वालामुखीच्या तोंडात साचलेलं तळं ते. भारतातून आणलेलं तीर्थ लोक त्यात सोडतात. 'खड्ड्याला गंगा म्हणतात' असा जोक मी मिलमध्ये दहा वेळा मारला होता.

माझी बाटली आजींनी तीन आठवडे देव्हाऱ्यात ठेवली होती, हळदकुंकू लावून. आधी नातवंडांच्या कपाळाला एकेक थेंब लावला. मग बाटली माझ्या हातात दिली. "तू सोड बाबा. तुझा हात तिथला हाय."

आमच्या गावात म्हणतात तसंच 'हाय'... मी बाटली खाली ठेवली. सगळ्यांसमोर सांगून टाकलं की हे पाणी कुंडाचं नाही, पडघ्याच्या नळाचं आहे.

देवादादा बघतच राहिला. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं झालं असतं.

आजींनी बाटलीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पडघा वज्रेश्वरीपासनं लांब हाय का?"

"नाही आजी... तासाभराची बस."

"मग सोड. मी तर दर्यापलीकडं कधी गेलेच न्हाय."

मी पाणी सोडलं. परत येताना मी गाडीत मागे बसलो. आजी पुढच्या सीटवर होत्या, पदराने डोळे पुसताना आरशात दिसल्या... पडघ्याच्या त्या दारासमोर माझी लाज निघाली असं मी तोवर समजत होतो. खरी लाज काय असते ते त्या आरशात कळलं.

आता खरी बाटली आमच्या शोकेसवर आहे, झाकणाला मेण लावून. काल देवादादाला फोन केला. आजी आहेत, गुडघे दुखतात म्हणाला.

मी पुन्हा कधी जाईन माहीत नाही. इकडून कुणी मॉरिशसला जाणार असेल तर खाली लिहा, बाटली घरी आणून देतो. वाटेत फुटली तर फुटली म्हणून सांगा... फक्त दुसरी भरू नका.