विजयसिंहांना जगवायचं कसं?

संयोगिताबाईंच्या कादंबऱ्यांत नवरा टिकत नाही. पहिलीत तो ट्रॅक्टरखाली गेला, दुसरीत काविळीनं, आणि तिसरी तर त्याच्या फोटोला हार घालूनच सुरू झाली. मंगळवार पेठेत पुस्तकं वाचणारे थोडे, पण ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक. बाईंचा खरा नवरा, विजयसिंह, वारणानगरची नोकरी संपवून घरी बसलेला, चांगला धडधाकट. संध्याकाळी फुटबॉल बघायला गेला की मित्र विचारत, "काय विजयराव, औंदा कितव्या पानावर जाणार?"

मग घरी येऊन बाईंवर राग.

"म्या काय वाईट केलंय गं तुझं? कधी हात उगारला? दारू पितो? एकदा तरी जगू दे की मला!"

माणूस चांगला होता, हे बाईंनाही मान्य होतं. तीच तर पंचाईत. वाईट नवऱ्यावर लिहिता येतं; लग्न झाल्यापासून जो नुसत्या हाका मारत आलाय, त्याच्यावर काय लिहिणार, कपाळ? शेवटी वैतागून त्यांनी शब्द दिला, या खेपेचा नवरा शेवटच्या पानापर्यंत जगेल.

आणि कादंबरी अडली. प्रकाशक दिवाळीआधी मागत होता. नायिका झुंबर, बाईंच्या मनात तरी, जिभेची चांगली तिखट होती. पण बाईंनी पेन उचललं की आतून हाक यायची, "अगं, टॉवेल कुठाय?"

टॉवेल दारामागं. या घरात टॉवेल कधीही दुसरीकडं नव्हता. बाई उठून द्यायच्या, परत येईपर्यंत वाक्य गेलेलं असायचं. पुढं पुढं कादंबरीतली झुंबरही उठायला लागली.

एका दुपारी बाईंचा पारा चढला. नवऱ्याला समोर बसवून त्या म्हणाल्या, "ऐका, तुमी जगल्यावर काय हुतंय ते." आणि वाचायला लागल्या. झुंबर उठली. झुंबरनं पाणी दिलं. झुंबरनं चष्मा शोधून दिला. मधे विजयसिंहांनीही पाणी मागितलं. बाईंनी दिलं आणि पुढं वाचलं.

"ही बाई काय बोलत न्हाय व्हय?"

"तो बोलू देतोय का?"

विजयसिंह हातातल्या तांब्याकडं बघत बसले.

"मार त्याला," ते म्हणाले. उठता उठता थांबले. "पर आजारी पाडू नगंस. झोपेत जाऊ दे."

बाईंनी लगेच मारला. झोपेत, दुपारचा. आता बोल बये, काय बोलायचं ते बोल! वर्षानुवर्षं गिळलेलं सगळं त्यांनी झुंबरसाठी राखून ठेवलं होतं. रिकाम्या घरात झुंबर चहा घेऊन बसली, तिनं तोंड उघडलं आणि कुणी विचारलेलं नसताना म्हणाली, "टॉवेल दारामागं हाय."

बाईंना असा संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मेल्यावरसुद्धा बोलू देत नाही हा माणूस! वाक्य खोडायला त्यांनी पेन टेकवलं, पण खोडवेना. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, मघापासून आतून एकही हाक आलेली नाही.

त्या पेन टाकून उठल्या.

"अहो! झोपलासा काय?"

आत काही हललं नाही.

"अहो!"

"न्हाय गं," मोरीतून दबका आवाज आला. "टॉवेल हुडकतोय."