अनंताचं चौथं प्रकरण

दीड महिन्यापूर्वी सकाळी अनंताच्या मुलीचा फोन आला, "काका, बाबा गेले." चार दिवसांनी कॉलेजात शोकसभा होती. गेलो, तर फळ्यावर कुणीतरी ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'डॉ. अनंत सरांना श्रद्धांजली'. माझं डोकंच सणकलं. "पुसा आधी ते 'डॉ.'! तो डॉक्टर कधी झालाच नाही," मी ओरडलोच. सगळे बघत राहिले. म्हाताऱ्याला मेलेल्या मित्राचं कौतुकही सोसवत नाही, असं वाटलं असणार त्यांना. आता काय सांगणार, कप्पाळ! तो डॉक्टर का झाला नाही, हे पुरतं ठाऊक असलेला मी एकटाच उरलोय.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही दोघं रत्नागिरीत नवे प्राध्यापक, मांडवीला एका खोलीत राहायचो. मी अर्थशास्त्राचा, तो राज्यशास्त्राचा, आणि पीएच.डी.चं खूळ त्याच्या डोक्यात. विषय ग्रामपंचायतींच्या बिनविरोध निवडणुका. दर रविवारी एसटीने संगमेश्वराकडच्या आपल्या गावी जायचा. "आईच्या हातचं जेवून येतोस, त्याला संशोधन म्हणतोस होय रे?" मी चिडवायचो. एका रविवारी मात्र परतल्या परतल्या दार लावून त्याने मला सगळं सांगितलं. त्यांच्या गावात उमेदवार ठरायचे देवळात, कौल लावून. गुरव देवाच्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवायचा. उजवी आधी पडली की देवाचा होकार, डावी पडली की नकार. त्या दिवशी गुरवाने, धोंडूकाकांनी, अनंताला घरचा पोर समजून सांगून टाकलं होतं, की गावाचा कारभार हाकणारे मोठे मानकरी आदल्या दिवशीच नाव सांगून ठेवतात. मग त्या नावाच्या वेळी उजव्या पाकळीला पाणी कमी लावायचं. कमी पाण्याची पाकळी आधी सुटते.

अनंताने हे चौथ्या प्रकरणात लिहिलं. गुरवाचं नाव घातलं नाही, म्हणून निर्धास्त होता. आणि टायपिंगला दिलं कुणाकडे? तर शहरात दुकान टाकलेल्या आपल्याच गावच्या पोराकडे! परक्याकडे काय म्हणून द्यायचं, हा आमचा कोकणी हिशेब. आठवड्यात मानकरी दोन माणसं घेऊन खोलीच्या दारात हजर. मी चहा टाकायला उठलो, तर म्हणाले, "चाय नको." मग अनंताकडे बघून शांतपणे, "मास्तर, कौल खोटा म्हनून लिवलाव म्हनं. कोनी सांगितलान?" अनंताचा चेहरा पांढराफटक पडला. धोंडूकाकांचं नाव घेतलं असतं तर देवळाची सेवा गेली असती, घर वाळीत पडलं असतं, विहिरीवर कुणी उभं केलं नसतं. तो म्हणाला, "कोणी नाही... मीच मनाने रचलं." मानकरी हसले. "मग देवलात येवन सांगा, खोटं लिवलंय म्हनून. देव माफ करतोय का बगू. नाय केलान, तर तुमची आई गावात एकटी र्‍हाते, इतकं ध्यानात ठेवा."

पुढच्या रविवारी मीही सोबत गेलो. खरं सांगतो, वाटेत उतरून पळून जावंसं वाटत होतं. देवळात सगळा गाव जमलेला, अनंताची आई खांबाशी पदर तोंडाला लावून बसलेली. मानकरी मोठ्याने म्हणाले, "गुरवानू, दोनी पाकल्या सारख्या भिजवा. समद्यांच्या म्होरं." म्हणजे त्या दिवशी कौल खरा लागणार होता! धोंडूकाकांनी दोन्ही पाकळ्या एकाच तांब्यात बुडवून चिकटवल्या. त्यांनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान खोटं लिवलान, त्याला पदरात घे..." आणि गाव गरजला, "व्हय म्हाराजा!" पाकळ्या हलेनात. अनंता डोळे न मिटता बघत होता... आणि उजवी पडली.

परतीच्या एसटीत मी म्हणालो, "सुटलास रे बाबा!" तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदा त्या देवळात खरा कौल लागला. आणि देवाने काय मान्य केलं? मी खोटं लिहिलं, हे." दुसऱ्याच दिवशी त्याने मार्गदर्शकांना पत्र टाकलं, चौथं प्रकरण काल्पनिक आहे, माझी नोंदणी रद्द करावी. मी भांडलो, शिव्या घातल्या, चार दिवस अबोला धरला. उपयोग शून्य. पुढे धोंडूकाका गेले, मानकरीही गेले. मी म्हटलं, आता तरी लिही. तर म्हणाला, "काकांचा मुलगा आता तिथे पूजा करतो." लोक विचारायचे, पीएच.डी.चं काय झालं? "आळस हो," म्हणून हसायचा. मला त्या हसण्याचा संताप यायचा.

एक मात्र कायमचं बदललं. कोकणी माणूस अनोळख्याला पहिला प्रश्न काय विचारतो? गाव कुठचं? अनंताने तो प्रश्न पुन्हा कधी, कुणालाही विचारला नाही. बसमधला शेजारी असो, वर्गातला विद्यार्थी असो, की मुलीला बघायला आलेली मंडळी. मी एकदा टोकलं, तर म्हणाला, "गाव कळलं की सांगणारा सापडतो." परवा संध्याकाळी मांडवीच्या कठड्यावर बसलो होतो. शेजारी एक गृहस्थ येऊन बसले, गप्पिष्ट होते. बोलता बोलता म्हणाले, "आमच्याकडे निवडणूक बिनविरोधच हो. कशी जमवतात, ती गंमत एकदा सांगतो तुम्हाला..." 'गाव कुठचं?' माझ्या अगदी ओठांवर आलं, ते मी गिळलं. मी त्यांना म्हटलं, "नको. सांगू नका."