हार्मोनियमच्या फोल्डरचा मालक कोण?

तालुक्याच्या गावात तीस वर्षं बातमीदारी केली की संशय घ्यायची सवय लागते, आणि ती लागली की किस्से आपोआप साठतात. शिरूरला एसटी डेपोजवळ रफिकभाईचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या कॉम्प्युटरवर आम्ही मित्र पंचक्रोशीतल्या भजनांच्या, कव्वालीच्या जुन्या कॅसेट उतरवून ठेवतो. त्या एका डब्यानं मला जेवढे किस्से दिले, तेवढे पंचायत समितीनंही दिले नाहीत.

*

रफिकभाईनं नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुन्याची हार्डडिस्क त्यात बसवली. एकही फोल्डर उघडेना. स्क्रीनवर एकच पाटी : तुम्हाला परवानगी नाही.

त्यात एक फोल्डर रफिकभाईच्या वडिलांच्या हार्मोनियमचा. वडील गेले, कॅसेटला बुरशी लागली, उरलं ते एवढंच. अम्मीचा उजवा कान गेलेला, डावाही फार दिवस साथ देणार नाही असं डॉक्टर म्हणालेले. त्याआधी तिला ते वादन एकदा ऐकायचं होतं.

"कुणी केलं हे?" मी विचारलं आणि केंदूरच्या आप्पांकडे पाहिलं. आप्पा माजी सरपंच. आपलं सोडून दुसऱ्या कुठल्या भजनी मंडळाच्या कॅसेट आमच्याकडे ठेवायला त्यांचा पहिल्यापासून विरोध.

"माझ्याकडं काय बघतो? मला माउस धरता येत न्हाई, कुलूप कुठनं घालू?"

*

सणसवाडीच्या एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळणारा मिश्रा रविवारी आला. त्यानं फोल्डरचा मालक काढून दाखवला. नाव नव्हतंच, नुसता लांबलचक नंबर! मी तो वहीत उतरवून घेतला.

"साहब, गाडीचा नंबर नाही हा," मिश्रा म्हणाला. "हा जुन्या मशीनवरचा रफिकभाईच आहे. नवं मशीन त्याला ओळखत नाही."

"म्हणजे रफिकभाईनंच रफिकभाईला बाहेर ठेवलंय?"

"हां."

इतकं सरळ उत्तर देणारा माणूस खरं बोलतोय, असं माझ्या नोकरीत मी तरी कधी पाहिलेलं नाही.

*

मिश्रा मालक बदलायला बसला, तर आप्पांनी त्याचा हात धरला.

"सातबाऱ्यावरचं नाव बदलायचं तर तलाठी नोटीस लावतो, पंधरा दिवस हरकती मागवतो. हितं काय, कुणीबी उठावं आन् मालक व्हावं?"

आणि खरोखर दुकानाच्या काचेवर आप्पांच्या अक्षरात नोटीस लागली. हरकत एकच आली. माझी. मला मिश्राची खात्री नव्हती.

रफिकभाईनं नोटीस फाडून माझ्या हातात दिली. "तुमचे पंधरा दिवस होईपर्यंत अम्मीचा कान थांबणार आहे का?"

मी हरकत मुकाट्यानं मागे घेतली. झेरॉक्स मात्र ठेवली.

*

मालक बदलला. आता ऐकायची परवानगी कुणाकुणाला, हे ठरवायचं होतं. मिश्रा म्हणाला, "एव्हरीवन टाकतो."

"एव्हरीवन म्हंजी कोण कोण?" आप्पांनी विचारलं.

"सगळे."

"गावात सगळे असं कुणी नसतं. नावं लिव्ह."

मग प्रत्येकाचं नाव आणि वेगळा पासवर्ड. आप्पांनी विसरायला नको म्हणून आपला पासवर्ड कागदावर लिहून मिश्राकडे दिला. मिश्राला ते आठवडाभर ओळखत होते, मला पंचवीस वर्षं.

*

दुसऱ्या दिवशी अम्मी दुकानात आली. रफिकभाईनं हेडफोन तिच्या डाव्या कानावर नीट बसवला. बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं. आम्ही तिचा चेहरा बघत उभे.

बराच वेळ ती हलली नाही. शेवटी शेवटी एकदम हसली आणि पदर तोंडाला लावला.

रफिकभाई चक्रावला. "हसण्यासारखं काय आहे त्यात? बाजा तर संपलाय, आणि तो संपला की मी ऐकताना नेहमी बंदच करायचो."

"बाजा संपल्यावर ते माझ्याशी बोललेत," अम्मी म्हणाली. "टेप चालू राहिलेली त्यांना कळलीच नव्हती."

"काय बोलले?" मी वही काढली.

अम्मीनं माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं आणि मिश्राला विचारलं, "बेटा, हे परत पहिल्यासारखं बंद होतं का?"

"होतं. पण अम्मी, मग कुणालाच ऐकता येणार नाही."

मी म्हणालो, "अम्मी, असं करू नका. हा ठेवा सगळ्या तालुक्याचा आहे."

"मला आलं ना ऐकू," अम्मी मिश्राला म्हणाली. "कर बंद."