भिंतीपलीकडची सीडी

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचत आलोय, पण हातात पेन्सिल घेऊन. "इथे वारा असू शकतो", "झोपेत होता का?" असं समासात लिहीत. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, त्यामुळे ही सवय वाईट आहे हे मला कळतं. पण अंक स्वतःच्या पैशांचा होता. आमचं घर बौद्ध. धर्मांतर केलं तेव्हा आजोबांनी देव्हाऱ्याबरोबर भुतंखेतंही घराबाहेर काढली, असं वडील हसून सांगायचे. तेव्हा माझ्या या लिखाणाच्या समासात तुम्ही खुशाल प्रश्नचिन्हं काढा. मीही काढली आहेत.

ही गोष्ट २००७ च्या सुमाराची. बदलापूर पूर्वेला, कात्रपमध्ये आमचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. शेजारी भोईर. ते इथल्याच गावचे, आगरी. त्यांच्या शेतावर ही बिल्डिंग उभी राहिली आणि तिच्यातच त्यांना घर मिळालं. आमच्या हॉलची आणि त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत एकच. आमच्या बाजूला शोकेस, त्यात सीडी प्लेअर. त्यांच्या बाजूला गॅसचा ओटा. माझी बायको कुसुम आणि भोईर वहिनी यांची दिवसभर ये-जा असायची. मी मात्र इतक्या वर्षांत त्यांच्या उंबऱ्याच्या आत गेलो नव्हतो. "भाऊजी पुस्तकातून डोका काढतील तवा येतील," असं वहिनी म्हणायच्या — मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

कुसुमला आईकडून आलेल्या जात्यावरच्या ओव्या पाठ होत्या. काही ती स्वतःही रचायची. २००७ च्या बऱ्याच आधी, एका वर्षी जयंतीच्या कार्यक्रमात बायकांनी तिला ओढून स्टेजवर बसवलं. साऊंडवाल्याने ते रेकॉर्ड केलं आणि एक सीडी करून दिली. सुरुवातीला थोडी खरखर, मग कुसुमचं हसणं, "माईक चालू आहे ना गं?" आणि मग ओव्या.

पुढे काही वर्षांनी ती आजारी पडली आणि गेली. तिचा आवाज तेवढ्या एका चकतीवर राहिला. कॉपी करून ठेवायला हवी होती, हे मला सगळ्यांनी सांगून झालंय. पण घरात कॉम्प्युटर नव्हता, आणि ती सीडी दुसऱ्याच्या हातात द्यायची म्हटलं की माझा हात मागे यायचा.

आमचा प्लेअर जुना, नुसत्या सीडी वाजवणारा. दुसरं काहीच त्याला येत नसे. शेवटी शेवटी तो तिसऱ्या ओवीवर अडकायचा. "शेजीची... शेजीची... शेजीची..." — आणि उडी मारून पुढच्या ओवीवर जायचा. मधलं काय होतं ते मला आठवेना. मुलगी सुजाता पुण्यात असते, तिलाही आठवेना. अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर एक मेकॅनिक आहे, त्याला दाखवला. "लेन्स गेली, काका. ह्या मॉडेलची आता येत नाही," तो म्हणाला.

"बाबा, नुसता सीडी प्लेअर आता कोण घेतं?" सुजाता फोनवर म्हणाली. "युनिव्हर्सल घ्या. सीडी, व्हीसीडी, डीव्हीडी, एमपीथ्री — टाकाल ते वाजतं. आईची सीडीपण नीट वाजेल. पुण्यानुमोदनाला आपण ती पूर्ण लावू. सगळ्यांना ऐकू दे."

वर्षश्राद्ध आम्ही करत नाही. वर्ष झालं की पुण्यानुमोदन करतो. त्या दिवशी कुसुमचा आवाज घरात अखंड वाजावा, एवढं एकच आता मला हवं होतं.

उल्हासनगरला एका सिंधी दुकानात एक्सचेंजवर मिळेल असं कळलं. "साईं, पुराना द्या, नया घेऊन जा," दुकानदार म्हणाला. "ह्याच्यात सब चलता है. चकती गोल पाहिजे, बस!"

जुना प्लेअर मी दुपारी लोडशेडिंगमध्ये सोडवला होता. वायरी काढल्या, चादरीत गुंडाळला, रिक्षात मांडीवर घेऊन बसलो. सीडीचं कव्हर शोकेसमध्ये नीट ठेवलेलं होतं, ते जाताना दोनदा पाहिलं. संध्याकाळी नवा प्लेअर जोडला, कव्हर उघडलं... आत नुसती मधली प्लास्टिकची कळी.

सीडी जुन्या प्लेअरच्या पोटात गेली होती. लाईट असती तर ट्रे उघडून पाहिला असता. नव्हती, म्हणून सुचलंही नाही.

सकाळी दुकान उघडायच्या आधी मी शटरपाशी उभा होतो. दुकानदाराने ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "अरे साईं... तो माल तर रात्रीच भंगारवाल्याच्या टेम्पोतून गेला." दुकान नोकरावर टाकून तो स्वतः माझ्याबरोबर आला. भंगाराच्या ढिगात आम्ही बराच वेळ उकरलं. प्लेअर पुष्कळ होते. आमचा नव्हता. परत आल्यावर त्याने मला स्टुलावर बसवलं, चहा मागवला. तो तसाच निवून गेला.

सुजाताला सांगायचं धाडस होईना. कुणालाच सांगितलं नाही. नव्या प्लेअरवर पातळ रुमाल टाकला आणि संध्याकाळी त्याच्यासमोर पुस्तक घेऊन बसायला लागलो. पान उलटत नसे.

चार-पाच दिवसांनी जिन्यात भोईर वहिनी भेटल्या. "भाऊजी, बरा केलात. काल सांजचा कुसुमताईचा लावलात ना, मना भाकऱ्या थापताना सोबत झाली."

"मी काही लावलं नाही, वहिनी. टीव्ही असेल कुणाचा."

"टीव्हीवर कुसुमताई हसतं काय?" म्हणत त्या वर निघून गेल्या.

शेजाऱ्यांना दिवसांचा घोळ होतो, असं मी मनात म्हटलं — समासात लिहावं तसं. मग दोन दिवसांनी खुद्द भोईर भेटले. शिकलेला दिसला की ते त्याला मास्तर म्हणतात. "मास्तर, नवा डबा झक्कास हाय तुमचा. आधीचा अडकायचा. आता एकदम क्लियर!"

मला राग आला. आवाज चढवून मी सांगून टाकलं — सीडी भंगारात गेली, माझ्याच हाताने, आणि पुन्हा हा विषय काढू नका. भोईरांचं हसू मावळलं. ते हळूच म्हणाले, "मंग रोज सांजचा आमी काय ऐकतो?"

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी हॉलमध्ये बसलो होतो. घर शांत. रुमालाखाली प्लेअरचा लाल दिवा, बाकी काही नाही. बेल वाजली. भोईर. "मास्तर, चला."

"कुठे?"

"चला म्हंतो ना. चालू झाला." त्यांनी माझं मनगट धरलं आणि मी अनवाणी त्यांच्या घरात ओढला गेलो. स्वयंपाकघरात वहिनी ओट्याशी पिठाच्या हातांनी उभ्या होत्या, तव्यावर भाकरी. त्यांनी मानेनेच भिंतीकडे खूण केली.

भिंतीतून — माझ्या घरातून — कुसुम गात होती.

आवाज कसा होता ते सांगतो. गूढ वगैरे काही नाही. शेजारच्या घरात कुणी टेप लावला की येतो तसा, थोडा दबलेला, पण स्वच्छ. पहिली ओवी झाली. दुसरी झाली. तिसरीला "शेजीची" आलं. ती अडकली नाही.

शेजीची माझी चूल, मधी एकली गं भिंत
तिच्या आधणाची वाफ, माझ्या उंबऱ्याच्या आत

मी धावत माझ्या घरात आलो. शांतता. रुमाल काढला, ट्रे उघडला — रिकामा. बंद केला, डिस्प्लेवर "नो डिस्क". स्पीकरला कान लावला. काहीच नाही. आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून वहिनी ओरडल्या, "चालूय अजून, भाऊजी! नका हात लावू त्याला! इकडं या!"

मी प्लेअर तसाच सोडून परत गेलो. वहिनींनी पाट सरकवला. शेवटची ओवी मी तिथे बसून ऐकली. तव्यावरची भाकरी करपली, कुणी ती उलटली नाही.

नंतर मी करायचं ते सगळं केलं. वरच्या आणि खालच्या मजल्यावर विचारलं. त्यांच्याकडे ती सीडी असायचं कारणच नव्हतं, आणि नव्हतीही. प्लेअर उचलून उल्हासनगरला नेला. दुकानदाराने झाकण खोलून दाखवलं आणि स्क्रू परत लावत म्हणाला, "साईं, आत कुछ नाय. पर जे चालतंय ते चालू द्या ना. बंद कशाला करायचं?"

मला माझ्या घरात कुसुम एकदाही ऐकू आली नाही. रोज संध्याकाळी मी भोईरांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचो. वहिनी न विचारता भाकरी वाढायच्या. कुसुमच्या मागे गरम भाकरी मी पहिल्यांदा तिथे खाल्ली. एकदा वहिनींना विचारलं, "तुम्हाला ऐकू येतं, मला माझ्या घरात का नाही?"

"तुमच्या घरात आला असता, तर तुमी इथं आला असता काय?" त्या म्हणाल्या आणि वर सुक्या बोंबलाची चटणी वाढली.

मग एका संध्याकाळी आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आम्ही तिघं भिंतीकडे बघत जेवलो. पुन्हा तो कधीच आला नाही.

पुण्यानुमोदनाला सुजाता आली. सीडीचं तिला सांगितलं. ती रडली, माझ्यावर रागावली नाही. वंदना झाली, लोक बोलले. मग मागे बसलेल्या भोईर वहिनी पदर सावरत पुढे आल्या आणि खाली बसल्या. गळा साफ केला, थोडं हसल्या आणि म्हणाल्या, "माईक चालू आहे ना गं?"

माईक नव्हताच. तेही ओव्यांतलंच आहे, असं त्या धरून चालल्या होत्या. सुजाताने माझा हात घट्ट पकडला. वहिनींनी सगळ्या ओव्या म्हटल्या. शेजीचीही, न अडकता.

ती ओवी कुसुमने त्यांना कधी शिकवली होती का, हे मी नंतर विचारलं. "नाय," त्या म्हणाल्या. "भिंतीतून जेवढी आली तेवढी घेतली."

या ओवीपाशी पेन्सिल घेऊन पुष्कळदा बसलो. वहिनींकडे हा विषय काढला की त्या म्हणतात, "भाऊजी, चहा निवतो."