बाल्कनीच्या खुर्च्या

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण एका बंद थेटराच्या खुर्च्यांनी दिला तेवढा मनस्ताप मला कुणी दिला नाही.

आम्ही मूळचे झाशीचे. निवृत्तीच्या थोडं आधी माझी बदली काशीला झाली. दूधविनायक या तिथल्या मराठी मोहल्ल्यात माझी मावशी राहते, त्यामुळे त्या गल्ल्यांत मी पोलीस दरोगा कमी आणि 'मावशींचा भाचा' जास्त. जवळच मोठ्या रस्त्यावर एक जुनं थेटर होतं. एके काळी तिकिटाची रांग पानवाल्याच्या दुकानापर्यंत जायची. पुढे प्रेक्षक आटले, सिनेमे बंद झाले, मोठे मालक वारले आणि थेटराला कुलूप लागलं. काशीत यात्रेकरू वाढले तसं मालकांच्या मुलाने तिथे लॉज बांधायचं ठरवलं. अडचण एकच होती. म्हातारा गेटकीपर. मोठ्या मालकांनी त्याला सिनेमाच्या मशीनच्या खोलीखाली राहायला जागा दिली होती आणि तो ती सोडत नव्हता.

मुलाने तहरीर दिली, म्हणजे लेखी फिर्याद: गेटकीपरने बाल्कनीतल्या खुर्च्या चोरून विकल्या. पंचनाम्याला गेलो तर बाल्कनीत जमिनीतून नुसते बोल्ट वर आलेले. म्हाताऱ्याला ठाण्यात आणलं.

"खुर्च्या कुठे गेल्या?"

"हमने ले लीं, साहब. लिख लीजिए."

"कुणाला विकल्या?"

"याद नहीं."

चार-चार खुर्च्यांची एकेक जोडलेली रांग, दोन पैलवानांनाही जड जावी अशी, आणि हा काठी टेकत चालणारा माणूस! मी ओरडलो, समजावलं, चहा पाजला. दर वेळी तेच, "याद नहीं." ही कबुली त्याने फिर्यादीसमोरच दिलेली, तेव्हा दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टात हजर करणं मला भाग होतं. तो जेलमध्ये गेला की इकडे त्याच्या खोलीचं कुलूप तुटणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

पानवाल्याकडे गेलो. तोंडात पान असलं की बनारसी माणूस साक्षात यमालाही उत्तर देत नाही. मी धुमसत उभा राहिलो. अखेर पिंक टाकून तो म्हणाला, "दरोगाजी, जिसके घर जाइए, खड़े मत रहिएगा. बैठ जाइएगा."

आता याला काय म्हणावं? वैतागून मावशीकडे गेलो. बदली झाल्यापासून तिची विचारपूस मी दारातूनच करत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा आत बसलो. चहा घेऊन उठलो तर मागे खाडकन आवाज झाला. वळून पाहिलं. चार खुर्च्यांची जोडलेली रांग, आणि मी उठलो त्या खुर्चीची बैठक आपोआप वर मिटली होती. लाल रेक्झिन, हातावर पत्र्याचा नंबर.

"मावशी, या थेटरातल्या खुर्च्या!"

"हो. नातवाच्या मुंजीला आणल्या होत्या. सिनेमे बंद झाल्यावर मोठे मालकच म्हणायचे, बाल्कनी रिकामी आहे, कार्याला न्या. तो गेटकीपर बोल्ट काढून द्यायचा."

"मग परत का नाही केल्या?"

"मालक गेले, कुलूप लागलं. कुलपाला परत करू? आणि माझे गुडघे बघ रे. जमिनीवर बसवतं का मला?"

"तो म्हातारा जेलमध्ये चाललाय! ठाण्यात येऊन एवढंच सांग."

"मी? ठाण्यात? आपल्या घरातली बाई कधी ठाण्याची पायरी चढली आहे का? पण तू त्याला सोड हो. देवमाणूस आहे."

मग गल्लीतल्या एकेका घरी जाऊन बसलो. घरोघर हेच. म्हातारा तोंड का उघडत नव्हता ते आता कळलं. एकाचं नाव घेतलं की सगळी गल्ली अडकणार. कबूल केलं तर चोरीचा माल ठेवला म्हणून आपणच आत जाऊ, ही प्रत्येकाला धास्ती. मागून आणलेली वस्तू परत न करणं ही चोरी नव्हे, यावर एका शास्त्रीबुवांनी मला भलंमोठं प्रवचन दिलं. म्हटलं, हेच ठाण्यात येऊन सांगा. तर म्हणे, आज प्रदोष आहे! आणि "त्याला सोडा हो" हे सांगणारा प्रत्येक जण बसलेला कशावर, तर त्याच लाल खुर्चीवर. शेवटी मावशीच्या दारात मी भडकलो. "बसा सगळे आरामात. उद्या तो कोर्टात जाईल." आणि निघून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या फाटकात गलका झाला. चार जणांच्या खांद्यावर खुर्च्यांची रांग येत होती आणि मागून मावशी. गल्लीत लोक तिरडी समजून हात जोडून बाजूला झाले म्हणे. माझ्या टेबलासमोर रांग ठेवायला लावून मावशी तिच्यावर बसली.

"घे लिहून. मागून आणल्या, परत केल्या नाहीत. त्याचा काही दोष नाही. मला आत टाकायचं तर टाक."

"माताजी, आप क्यों आईं?" म्हातारा कळवळला.

मी जबाब लिहितोय तोवर शास्त्रीबुवा आले, खुर्च्यांसकट. मग एकामागून एक सगळेच. ठाण्याचं आवार भरून गेलं. मालकांच्या मुलाला बोलावून म्हटलं, घ्या आपला माल. तो म्हणाला, "हे भंगार घेऊन मी काय करू?" त्याला खुर्च्या नकोच होत्या, खोली हवी होती. त्याच्या त्या वाक्यावर केस तिथेच संपली.

पुढे थेटर पडलंच. आज तिथे लॉज आहे. म्हाताऱ्याने खोली सोडली, पण स्वतःच्या हाताने किल्ली देऊन. चोर म्हणून नव्हे. या केसने मला शिकवलं ते एवढंच: दुसऱ्यासाठी हात जोडायला सगळे तयार असतात, आपल्या जागेवरून सगळ्यांत आधी उठायला कुणी तयार नसतं. कायद्याचा धाक घालून मी एकालाही उठवू शकलो नव्हतो.

त्या दिवशी म्हाताऱ्याला सोडलं तेव्हा मी म्हटलं होतं, "आता बसा जरा." आवारभर खुर्च्या होत्या, तरी तो उभाच. "ये बालकनी की है, साहब. हम इस पर कभी नहीं बैठे."

मावशी गुडघे धरत उठली, त्याच्याकडे पाहून म्हणाली, "बैठिए." तो संकोचत बसला. बाकीच्यांचे जबाब संपेपर्यंत मावशी भिंतीला टेकून उभी होती.