शेंडा कापलेली झावळी

परतूरजवळच्या आमच्या गावात नारळ कुठून येणार? झावळ्यांच्या रविवारी आमची ख्रिस्ती मंडळी शिंदीच्या झावळ्या घेऊन देवळाभोवती फेरी काढतात. प्रभू यरुशलेमेत आला तेव्हा लोकांनी झावळ्या हलवल्या, म्हणून आम्हीही हलवतो. शिंदीचे काटे टोचले की 'होसान्ना'चा जयघोष जरा जास्तच जोरात निघतो.

झावळ्या तोडायचा मान शेजारच्या गोजरमावशीचा. नवी सून म्हणून मी आले, तेव्हापासून दरवर्षी सणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तिच्यासोबत ओढ्यावर जायचे. तिथे एकच बुटकी शिंदी. मावशी कडेच्या झावळ्या घ्यायची आणि मधला कोवळा कोंब राखायची. "त्यो पुढच्या सालचा हाय," म्हणायची. आधी झाडाखाली प्रार्थना, तीही इतकी लांबलचक की माझे पाय भरून यायचे. त्यापेक्षा देवळातले पाळकसाहेब परवडले, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. किती छान सकाळी होत्या त्या!

मग तो दुष्काळ पडला. विहिरीच्या तळाला थोडंसं पाणी उरलं होतं. ते भरायला मावशीचे मालक पुंजारामकाका खाली उतरले, कपार ढासळली आणि ते गेलेच. झावळ्यांचा रविवार तोंडावर आला होता.

त्या शनिवारी मावशी मला न सांगताच निघाली. मी धावत ओढ्यावर पोचले, तर शिंदी पार भुंडी. सगळ्या झावळ्या खाली, आणि मधला कोंबही कोयत्याने आडवा छाटलेला.

"त्याला झावळ्या पाह्यजेत ना? घे म्हणावं समद्या!" ती आभाळाकडे बघून ओरडली.

त्या झावळ्यांना कुणी हात लावला नाही; रविवारी आम्ही कडुलिंबाच्या डहाळ्या हलवल्या. मावशी आली नाही, पुढेही तिने देवळात पाऊल टाकलं नाही. पाळकसाहेब दारात दिसले की ती मागच्या दाराने शेळ्यांकडे जायची. एकदा मला म्हणाली, "देवावर रुसले, त्यो ऐकून घील. पर झाडानं काय केल्तं गं माझं? कोंब छाटल्यावर शिंदी जगत न्हाई." ओढ्यावर जाणंच तिने सोडलं.

पोळ्याच्या सुमाराला शेळी हुडकत मी तिकडे गेले आणि तशीच पळत मागे आले. मावशीला हाताला धरून नेलं. भुंड्या खोडातून एक हिरवीगार झावळी वर आली होती. तिचा शेंडा मात्र सरळ कापलेला. पान आत मिटलेलं असतानाच कोयता लागला होता, पण खालचा गाभा वाचला, आणि वाढत ते तसंच वर आलं होतं.

मावशीने त्या कापल्या कडेवरून बोट फिरवलं. "वार माझाच हाय बघ. त्यो घिऊनच वर आलंय."

मालक गेले तेव्हा न रडलेली ती बाई वाळूत बसून हमसून रडली. मग डोळे मिटून म्हणाली, "प्रभू, मी हाय." बस्स, एवढंच.

पुढच्या फेरीत तीच झावळी घेऊन मावशी सगळ्यांच्या पुढे चालली.

ती जाऊन आता वर्ष झालं. कोयता माझ्याकडे आलाय. परवा शनिवारी एकटीच ओढ्यावर गेले, शिंदीखाली उभी राहिले. मावशीसारखी लांबलचक प्रार्थना करायची असं ठरवून गेले होते. पण डोळे मिटून एवढंच म्हणाले, "प्रभू, मी हाय." आणि कडेच्या झावळ्या तोडायला घेतल्या.