बिनगाण्याची औटकी

आप्पा, म्हणजे माझे वडील, पिंपरीच्या औषध कारखान्यात तपासणी खात्यात होते. तिथे म्हणे एकाच मालाचे दोन नमुने घ्यायचे, एकावर काहीतरी करून बघायचं, दुसरा तसाच ठेवायचा आणि मग फरक तपासायचा. ही विद्या ते एके दिवशी घरी आणतील असं आम्हाला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

भांडण रेडिओवरून होतं. आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये तो नुकताच आला होता आणि मी आणि धाकटी बहीण त्याच्यापायी खुळ्या झालो होतो. आजारपणात माझं एक वर्ष बुडाल्यामुळे आम्ही दोघी एकाच वर्गात, मॅट्रिकच्या. गाणं चालू असलं की पाठांतर झकास होतं, असं मी छातीठोकपणे सांगत असे. आप्पा म्हणाले, "वाद कशाला? चाचणी घेऊ. पाठांतर बिघडतं असं निघालं तर परीक्षेपर्यंत रेडिओ कपाटात आणि कपाटाला कुलूप."

पाठ करायला त्यांनी औटकी निवडली, म्हणजे साडेतीनचा पाढा. त्यांच्या पिढीला तो तोंडपाठ, आमची मजल पावकी-निमकीपुढे कधी गेलीच नव्हती. रविवारी सकाळी मी रेडिओशेजारी कागद घेऊन मनातल्या मनात वाचत बसले. बहिणीची रवानगी मागच्या अंगणात नळापाशी, म्हणजे गाण्याचा एक सूरही तिच्या कानावर पडू नये.

आधी माझी पाळी आली. पाच औटं साडेसतरापर्यंत गाडी बरी चालली. पुढे डोक्यात नुसता तबला वाजायला लागला. मग बहीण उभी राहिली आणि मान डोलवत, हेल काढत, एका दमात शेवटपर्यंत म्हणून मोकळी झाली. एकही चूक नाही! आपण काय करून बसलो हे तिच्या ध्यानात आलं आणि जिंकलेली ती बया भोकाड पसरून रडायला लागली. मला तर तिचा गळा धरावासा वाटत होता.

"रडतेस कशाला? शाबास!" आप्पा खुशीत होते. "आता पुन्हा म्हण. सावकाश, एकेक शब्द."

हुंदक्यांत कसली आलीय चाल? ती तिसऱ्याच पायरीवर अडली. आप्पा वैतागले. "अगं, सोपं आहे. सहा औटं एकवीस. सात औटं..." इथे ते थांबले. खाकरले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, अगदी साहेबाला रिपोर्ट वाचून दाखवावा तशा कोरड्या आवाजात, आणि पुन्हा सातावरच अडकले.

आई पोळ्या लाटत होती. तिथूनच म्हणाली, "आवो, चालीत म्हना की!"

आप्पांनी डोळे मिटले, मांडीवर ताल धरला, आणि औटकी धो धो वाहायला लागली. सात औटं साडेचोवीस, आठ औटं अठ्ठावीस, मान हलतेय, आवाज चढतोय! आई लाटणं टाकून पदरात तोंड खुपसून हसत होती. बहिणीचं रडणं मध्येच कुठेतरी हसण्यात बदललं. मी तर जमिनीवर लोळले.

आप्पांनी डोळे उघडले. ते हसले नाहीत. मला धडकी भरली, आता रागावून रेडिओ कपाटात टाकणार. पण खात्यातही खोट निघाली की आपल्या हातचा माल ते स्वतःच बाद करत, हे आई नेहमी कौतुकाने सांगायची. तो माणूस मी त्या सकाळी पहिल्यांदा पाहिला.

"चाचणी बाद," ते म्हणाले. "अंगणातपण गाणंच चालू होतं."

आणि उठून त्यांनी स्वतःच्या हाताने रेडिओ मोठा केला.